मीटरच्या पुढची वीज

(शेलार, ता. भिवंडी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तेव्हापासून महाराष्ट्रात गावोगाव अशा माला भरत आल्या. धर्म, इतिहास, साहित्य, राजकारण, आरोग्य, शेती असे सगळे विषय या मंचांवर येऊन गेले. घरातल्या वायरिंगवर मात्र कोणी व्याख्यान दिल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते ते विज्ञान शिकवायचे, म्हणून हा विषय सुचवायचं धाडस झालं. माझी हयात आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री या ट्रेडची मुलं घडवण्यात गेली. तेव्हा आज भाषण कमी आणि तास जास्त असं झालं, तर सांभाळून घ्या.

भिवंडीकरांना विजेबद्दल काय सांगायचं? इथला माग विजेवर चालतो, सायझिंग आणि डाईंग विजेवर चालतं, नाशिक हायवेकडची गोदामं विजेवर उजळतात. लाईट गेली की गल्लीतली खटखट थांबते आणि त्या शांततेनेच लोक दचकून बाहेर येतात. लोडशेडिंगच्या दिवसांत मागवाल्याचा आठवड्याचा हिशेब वीज किती तास मिळाली यावर ठरायचा. पुढे २६ जानेवारी २००७ पासून महावितरणने भिवंडी मंडलातलं वीजवितरण टोरंट पॉवरकडे फ्रँचायझी म्हणून सोपवलं. देशातला अशा पद्धतीचा हा पहिला मोठा प्रयोग. त्या वेळी गळती आणि न झालेली वसुली मिळून तूट निम्म्याहून जास्त होती. त्या दिवसापासून आजतागायत वीजचोरीचे आकडे, मीटर, थकबाकी, बिल आणि यंत्रमागाचा सवलतीचा दर यांवर या तालुक्यात जितकी चर्चा झाली तितकी क्वचितच दुसऱ्या कशावर झाली असेल.

पण या सगळ्या चर्चेतली वीज मीटरपर्यंत येते आणि तिथं थांबते. मीटरच्या पुढे, मेन स्विचपासून मोरीतल्या गिझरपर्यंत, माळ्यावरच्या पंख्यापासून ओट्यावरच्या मिक्सरपर्यंत जी वीज खेळते तिच्याबद्दल कोणी निवेदन देत नाही की मोर्चा काढत नाही. कारण तिथली जबाबदारी कंपनीची नाही, सरकारचीही नाही. ती घरमालकाची, म्हणजे तुमची आणि माझी आहे. देशात विजेच्या धक्क्याने दर वर्षी दहा हजारांहून जास्त माणसं जातात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी सांगते. सगळी काही घरात जात नाहीत. पण घरात जाणारी बहुतेक वाचण्यासारखी असतात.

धक्का म्हणजे नक्की काय

आपल्या घरात २३० व्होल्टचा पुरवठा येतो. माणसाला मारतो तो मात्र अंगातून वाहणारा प्रवाह, म्हणजे करंट. तो मिलिॲम्पिअरमध्ये मोजतात. एका ॲम्पिअरचा हजारावा भाग म्हणजे एक मिलिॲम्पिअर. एक मिलिॲम्पिअरला झिणझिण्या जाणवतात. दहाच्या आसपास हाताचे स्नायू आवळले जातात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ‘विजेने ओढून घेतलं’ असं आपण म्हणतो ते हेच. वीज ओढत नाही, आपलीच मूठ उघडत नाही. तीस-पन्नासच्या पुढे प्रवाह काही क्षण टिकला तर हृदयाची लय बिघडू शकते.

आता ओल्या अंगाने, अनवाणी, मोरीत उभ्या असलेल्या माणसाचा विचार करा. कोरडी कातडी विजेला बराच विरोध करते. ओल्या अंगाचा विरोध हजार ओहमपर्यंत खाली येतो. २३० भागिले हजार, म्हणजे २३० मिलिॲम्पिअर. जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब साधारण तेवढाच करंट घेतो. म्हणजे एका साध्या बल्बला लागते तेवढी वीज माणसाला पुरून उरते. मोठ्या मशिनचा शॉक मोठा आणि छोट्या वस्तूचा छोटा, हा समज इथंच सोडून द्या.

आपल्याकडे घरातला धक्का कुठे बसतो हेही ठरलेलं आहे. पत्र्याच्या बादलीत पाण्याचा रॉड चालू ठेवून ‘तापलं का’ म्हणून बोट घालण्यात. अनवाणी इस्त्री करण्यात. कूलरच्या पत्र्यात. बोअरची किंवा टाकीची मोटर चालू असताना हलवण्यात. आणि सगळ्यांत फसवी म्हणजे कपडे वाळत घालायची लोखंडी तार. तिचं एक टोक खिडकीच्या ग्रिलला आणि दुसरं खांबाला किंवा शेजारच्या पत्र्याला बांधलेलं असतं, आणि घरात येणारी सर्व्हिस वायर तिला कुठेतरी घासत असते. प्लास्टिक झिजतं, पाऊस येतो, आणि ओली साडी टाकायला गेलेली बाई त्या तारेला चिकटते. तिला सोडवायला नवरा धावतो, त्याला सोडवायला मुलगा. वर्तमानपत्रात ‘एकाच कुटुंबातील तिघांचा’ अशी बातमी येते तेव्हा बहुतेक वेळा हे असंच घडलेलं असतं. कपड्यांसाठी नायलॉनची दोरी बांधा. या व्याख्यानातली ही सर्वांत स्वस्त सूचना आहे आणि तिला वायरमन लागत नाही.

चिकटलेल्या माणसाला हात लावू नका, आधी मेन पाडा. मेन जवळ नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या वस्तूने त्याला सोडवा, आणि सोडवणाऱ्याच्या पायाखाली कोरडी फळी असू द्या. श्वास बंद असेल तर छातीवर दाब द्यायला लगेच सुरुवात करा आणि दुसऱ्या कोणाला तरी १०८ ला फोन लावायला सांगा. माणूस उठून बसला, ‘काही नाही झालं’ म्हणाला, तरी दवाखान्यात न्या. हृदयाची लय नंतरही बिघडू शकते.

एमसीबी कोणाला वाचवतो

‘आमच्याकडे एमसीबी बसवलाय, काळजी नाही,’ हे वाक्य मी शेकडो घरांत ऐकलं आहे. एमसीबी चांगलाच आहे. पण तो तुमच्यासाठी बसवलेला नाही. तो भिंतीतल्या वायरसाठी बसवलेला आहे. सोळा ॲम्पिअरचा एमसीबी सोळापेक्षा बराच जास्त भार आला की, किंवा शॉर्ट सर्किट झालं की पडतो. तुमच्या अंगातून पाव ॲम्पिअर गेला तर त्याला पत्ताही लागत नाही. त्याच्या दृष्टीने एक बल्ब जास्त लागला, इतकंच.

माणसाला वाचवणारं उपकरण वेगळं. त्याला आरसीसीबी म्हणतात. काही जण जुन्या सवयीने ईएलसीबी म्हणतात. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, हे ते सतत तपासतं. हिशेबात तीस मिलिॲम्पिअरची तफावत आली, म्हणजे तेवढा करंट दुसऱ्या वाटेने, बहुधा कोणाच्या तरी अंगातून, जमिनीत गेला असं समजून ते डोळ्याचं पातं लवायच्या आत पुरवठा तोडतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत घरगुती जोडणीसाठी तीस मिलिॲम्पिअर हीच मर्यादा आहे. त्यावर ‘टी’ लिहिलेलं एक बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. खटका पडला तर आरसीसीबी जिवंत आहे. नाही पडला तर भिंतीवर नुसता डबा आहे.

त्याच्याही मर्यादा आहेत. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलात तर आरसीसीबीला तुम्ही आणि बल्ब यांतला फरक कळत नाही. आणि तो वारंवार पडायला लागला की आपल्याकडे एक खास देशी उपाय निघतो: कोणीतरी येतो, दोन वायरी थेट जोडतो आणि ‘आता त्रास नाही’ असं सांगून जातो. त्रास खरंच नसतो, कारण पहारेकरीच काढून टाकलेला असतो. आरसीसीबी पडतो तेव्हा कुठेतरी गळती आहे किंवा दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र झाले आहेत. ते शोधणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे.

अर्थिंगचं दुखणं आणखी खोल. थ्री-पिन प्लगची वरची पिन लांब असते, म्हणजे ती सर्वांत आधी जोडली जाते आणि सर्वांत शेवटी सुटते. जाड असते, म्हणजे चुकूनही फेजच्या भोकात जात नाही. इतका विचार करून बनवलेली पिन आपण टू-पिनच्या बोर्डात बसत नाही म्हणून पक्कडीने कापतो. जुन्या घरांत आणि चाळींत अर्थिंगची तार पाण्याच्या जीआय पाइपला बांधलेली असायची. तसं करणं तेव्हाही बरोबर नव्हतं, पण निदान पाइप लोखंडी होता आणि जमिनीत जात होता. पुढे पाइप गंजले, प्लंबर आला, त्याने प्लास्टिकचे पाइप टाकले. त्या दिवशी त्या घराचं अर्थिंग गेलं. प्लंबरला माहीत नाही, मालकाला माहीत नाही, आणि वायरमनला बोलवायचं कोणाला सुचलंही नाही. आज घरी गेल्यावर आपली हिरवी वायर कुठे जाते ते पाहा. अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत पोचत असेल तर उत्तम. मोरीच्या नळाशी संपत असेल तर उद्याच माणूस बोलवा.

रेषा कुठे आहे

आता मुख्य प्रश्न. घरातलं कोणतं काम आपण करायचं आणि कोणत्या कामाला वायरमन बोलवायचा? यावर प्रत्येक गल्लीचं आपलं मत असतं. पण उत्तर बरंच जुनं आहे. भारतीय विद्युत नियम, १९५६ मधल्या पंचेचाळीसाव्या नियमात ते होतं. २०१० आणि २०२३ च्या सुरक्षा विनियमांतही तेच तत्त्व पुढे चालू राहिलं. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरण बदलायला परवानाधारक माणसाची सक्ती नाही. अट एकच: त्या बदलाने वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप कोणत्याही प्रकारे बदलता कामा नये. बाकीचं प्रत्येक काम, नवी जोडणी, वाढ, फेरफार, दुरुस्ती, परवानाधारक विद्युत ठेकेदाराने आणि प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखालीच झालं पाहिजे.

क्षमता आणि स्वरूप. हे दोन शब्द मी वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर न पुसता ठेवायचो. ते नीट कळले तर बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

जळालेला बल्ब काढून नवा लावलात. काहीच बदललं नाही. तुमचं काम. सहा ॲम्पिअरचा स्विच तुटला, मेन बंद करून तसाच दुसरा बसवलात. हात सराईत असेल तर तेही तुमचं. किटकॅट फ्यूज उडाला आणि त्यात त्याच जाडीची फ्यूज वायर घातलीत, तुमचं. पण वायर नाही म्हणून तांब्याचे तीन पदर पिळून घातलेत, तर तुम्ही फ्यूज बदलला नाहीत, क्षमता बदललीत. आता भार वाढला की फ्यूज उडणार नाही. त्याच्याऐवजी भिंतीतली वायर तापेल. सोळाचा एमसीबी सारखा पडतो म्हणून कोणी बत्तीसचा बसवून दिला, तर तोच गुन्हा नव्या वेष्टनात. त्या एमसीबीची तक्रार ऐकायची असते, त्याची जीभ कापायची नसते.

इथवर सोपं आहे. अवघड पुढे आहे, आणि भिवंडीच्या घरांत ते रोज घडतं. वायरिंगला कोणी हातही न लावता त्याच्यावरचा भार बदलतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी बांधलेल्या घरात चार ट्यूब, तीन पंखे, टीव्ही आणि एक फ्रिज धरून वायर टाकली होती. मग हप्त्यावर एसी आला. दोन किलोवॅटचा गिझर आला, तो एकटाच पावणेनऊ ॲम्पिअर ओढतो. मुलाचं लग्न ठरलं म्हणून वर मजला चढवला आणि खालच्या बोर्डातूनच एक वायर वर नेली. मागची खोली भाड्याने दिली. शेजारच्या शेडमध्ये दोन माग लावले. दारात इलेक्ट्रिक स्कूटर उभी राहिली आणि तिची वायर खिडकीतून आत आली. यातल्या एकाही प्रसंगाला आपण विजेचं काम म्हणत नाही. आपण त्याला खरेदी म्हणतो, बांधकाम म्हणतो, भाडेकरू म्हणतो. दुकानदार एसी घरपोच देतो, त्याचा माणूस येऊन जवळच्या सॉकेटमध्ये प्लग लावून जातो. त्या सॉकेटच्या मागे दीड चौरस मिलिमीटरची वायर आहे की चारची, हे कोणी विचारत नाही.

म्हणून माझं आजचं सांगणं एका वाक्यात सांगायचं तर असं: वायरमनला बोलवायची वेळ बिघाडानंतर येत नाही, घरात नवा भार येतो त्याच्या आदल्या दिवशी ती येते.

कामगारांच्या खोल्यांचा वेगळा विचार करायला हवा, कारण शेलारमध्ये त्या शेकड्यांनी आहेत. एका खोलीत सहा-सात जण, पाळीवर जायची घाई, हिवाळ्याची सकाळ. एका एक्स्टेंशन बोर्डावर दीड किलोवॅटचे दोन रॉड. एक रॉड साडेसहा ॲम्पिअर, दोन मिळून तेरा. तो बोर्ड सहा ॲम्पिअरचा. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट करंटला चौपट उष्णता. बोर्डाचं प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, मग एके दिवशी भोक पडतं. मागाच्या शेडमध्ये याच्या जोडीला सुताचा तूस असतो. तो मोटरवर, बोर्डावर, वायरींवर बसतो, आणि त्याला पेटायला एक ठिणगी पुरते. पत्र्याच्या छपराखालून गेलेली वायर पत्र्याच्या धारेवर घासली की सबंध छपरात वीज उतरू शकते. भाडेकरू वायरिंगला हात लावू शकत नाही, मालक लावत नाही. मालकांना मी हात जोडून सांगतो: भाडं दर महिन्याला घेता, तर त्या खोलीच्या वायरिंगचा तपास वर्षातून एकदा तरी करा. एक आरसीसीबी साध्या स्मार्टफोनपेक्षा स्वस्त पडतो.

घर आधी सांगतं

वीज दिसत नाही, पण बिघडायला लागलं की घर खुणा देतं. या खुणा दिसल्या तर स्क्रू-ड्रायव्हर बाजूला ठेवा आणि फोन उचला.

स्विचबोर्डावर पालथा हात ठेवला आणि तो गरम लागला, किंवा जळकट वास आला. याचा अर्थ बहुधा आत स्क्रू सैल झाला आहे. सैल जोड हा घरातल्या आगीचा मोठा उगम, आणि तो ना एमसीबीला कळतो ना आरसीसीबीला. करंट नेहमीएवढाच असतो, फक्त एका टोकाशी उष्णता साठत जाते. तिथं तुमचा हात आणि नाक एवढीच यंत्रणा आहे.

नळाला, फ्रिजला किंवा ओल्या भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या. ‘जरा करंट मारतो’ म्हणून आपण महिनोन्महिने हसून काढतो. आज दोन मिलिॲम्पिअर मारणारा फ्रिज पाऊस पडल्यावर शंभर मारू शकतो.

घरातले काही दिवे एकदम प्रखर झाले आणि काही मंद. हा न्यूट्रल सुटल्याचा इशारा. तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रल तुटला तर एखाद्या घरात २३० ऐवजी चारशेच्या जवळ व्होल्टेज चढू शकतं. गल्लीतले सगळे टीव्ही एका रात्रीत जळतात ते यानेच. अशा वेळी टेस्टर लावून विचार करत बसू नका. मेन पाडा आणि वीज कंपनीला कळवा. टेस्टरचा दिवा फेज आहे एवढंच सांगतो. न्यूट्रल तुटला आहे की अर्थिंग गेलं आहे, हे तो सांगत नाही. आणि तो पेटला नाही म्हणून वायर मेली आहे असंही समजू नका.

घरात पाणी शिरलं. कामवारी नदीकाठच्या आणि शहराच्या सखल भागातल्या लोकांना मी हे सांगावं अशी गरज नाही. २६ जुलै २००५ चा पूर कोणी विसरलेला नाही. पाणी चढतंय असं दिसलं की, बोर्डापर्यंत कोरड्या पायाने जाता येत असेल तरच, मेन पाडा. पाणी ओसरल्यावर भिंत वरून सुकते. आतली नळी आणि सॉकेटमधला चिखल सुकत नाही. मेन लावण्याआधी वायरमनकडून मेगर लावून घ्या. हे यंत्र पाचशे व्होल्ट देऊन वायरींचं इन्सुलेशन किती शाबूत आहे ते मोजतं. मोजणी किमान एक मेगाओहम यायला हवी. त्याहून कमी आली तर लाईट नको.

इन्व्हर्टर, जनरेटर आणि सोलर यांना हात घालूच नका. चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटरची वायर घरच्या सॉकेटमध्ये खुपसली तर ती वीज उलटी खांबावर जाते, आणि ‘लाईट बंद आहे’ असं समजून चढलेल्या लाईनमनला मारते. २०२४ साली पंतप्रधान सूर्यघर योजना आल्यापासून घरोघरच्या गच्चीवर पॅनेल दिसू लागले आहेत. मेन पाडला तरी उन्हात पॅनेलमधली डीसी वीज चालूच राहते, आणि एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलमध्ये ती काही शे व्होल्टपर्यंत असू शकते.

माणूस कोणता बोलवायचा

परवान्याचा माणूस ओळखायचा कसा? परवाना मागून. त्यात लाज वाटायचं कारण नाही. रिक्षात बसताना आपण मीटर बघतोच. राज्यात तारतंत्र्याचा परवाना, पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र आणि ठेकेदाराची अनुज्ञप्ती अशा पायऱ्या आहेत आणि त्या शासनाच्या अनुज्ञापक मंडळाकडून मिळतात. सीसीटीव्ही लावणारा, केबलवाला, मंडपाचं डेकोरेशन करणारा हुशार असेल, पण त्याचं शिक्षण वेगळं आहे. काम झाल्यावर ठेकेदाराकडून टेस्ट रिपोर्ट घ्या. नवं कनेक्शन घेताना तो लागतोच, पण मोठी दुरुस्ती झाल्यावरही मागा. त्याला तीन प्रश्न विचारा: वायर किती चौरस मिलिमीटरची आणि आयएसआयची आहे का, इन्सुलेशनची मोजणी किती आली, अर्थिंगची किती आली. जो मोजून काम करतो तो आनंदाने सांगेल.

आता ग्राहकाचे दोन दोष. आपण पीओपीच्या छतावर लाखभर घालवतो आणि त्याच छतात दडणाऱ्या वायरसाठी ‘थोडक्यात भागव’ म्हणतो. पीओपी उद्या बदलता येईल. आत गेलेली वायर बदलायला ते फोडावं लागेल. दुसरा दोष जास्त गंभीर. वायरमन कामाला आला की ‘मेन बंद करू नको, सीरियल चालू आहे’ किंवा ‘माग बंद ठेवता येत नाही’ असं आपण सांगतो. तोही बिचारा नाही म्हणत नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांना मी एकच शपथ घालायचो: मेन बंद करू देणार नाही त्या घरातलं काम सोडून या, मजुरी बुडाली तरी चालेल. ती शपथ पाळायला त्यांना तुमची मदत लागते.

‘शॉर्ट सर्किट’ हे कारण नाही

२१ जून २०१२ रोजी मंत्रालय जळलं. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. भिवंडीतल्या गोदामांच्या आगी तर इतक्या झाल्या की त्यांची बातमी आतल्या पानावर जाते. प्रत्येक वेळी पहिल्या दिवशी छापून येतं: आग शॉर्ट सर्किटमुळे. वाचणारा मान हलवतो, जणू शॉर्ट सर्किट हे विधिलिखित आहे. शॉर्ट सर्किट हा परिणाम असतो. त्याच्या मागे सैल स्क्रू असतो, वाढवलेला भार असतो, काढून टाकलेलं संरक्षण असतं, न झालेली तपासणी असते. या सगळ्याच्या मागे माणसांचे निर्णय असतात, आणि निर्णय बदलता येतात.

विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६१ नुसार विजेच्या अपघाताची माहिती देणं आणि त्याची चौकशी होणं अपेक्षित आहे. त्यासाठी विद्युत निरीक्षक असतात; ठाण्यात त्यांचं कार्यालय आहे. पण घरात अपघात झाला की आपण तो दडपतो. आकडा निघेल, भाडेकरूची नोंद नाही, घरगुती मीटरवर माग चालतोय, अशा भीतीने मृत्यूचं कारण ‘अटॅक’ सांगितलं जातं. मग कारण कोणाला कळत नाही, आणि तेच कारण पुढच्या गल्लीत दुसऱ्या घरात थांबून राहतं.

शेवटी, ग्रामपंचायत आणि मंडळांचे कार्यकर्ते समोर बसलेत म्हणून तीन मागण्या ठेवतो. पहिली: घराचा मजला वाढवायला परवानगी देताना वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट मागण्याचा ठराव करा. दुसरी: राज्यात दर वर्षी ११ ते १७ जानेवारीला विद्युत सुरक्षा सप्ताह होतो. त्या आठवड्यात परवानाधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आयटीआयची मुलं गावात फिरवा, आणि सुरुवात भाड्याच्या खोल्यांपासून करा. अर्थिंग आहे का, आरसीसीबी आहे का आणि बटण दाबल्यावर पडतो का, बोर्ड गरम लागतो का, एवढंच त्यांनी लिहून आणलं तरी आपल्याला गावाची खरी अवस्था कळेल. तिसरी: सूचनांचे फलक मराठीबरोबर हिंदी, उर्दू आणि तेलुगूत लावा, कारण मागावर उभं राहणाऱ्यांची भाषा ती आहे आणि धोका सगळ्यांना सारखाच आहे.

यातल्या दोन मागण्यांना पैसा जवळजवळ लागत नाही. तिसरीला थोडा रंग लागेल, तो मंडळांनी गणपतीच्या वर्गणीतून काढावा. ठराव झाला की तपासणीचा तक्ता बनवून द्यायला आणि मुलांबरोबर घरोघर फिरायला मी येईन. सरपंचांनी तारीख सांगावी.  आता प्रश्न विचारा. मागच्या रांगेपासून सुरुवात करू.